रुग्णनोंदींचे प्रमाणीकरण

रुग्णाची तपासणी, निदान व उपचार यांविषयीची लेखी किंवा संगणकीय नोंद कोणी केली, केव्हा केली आणि ती केल्यानंतर तीत बदल झाला आहे की नाही, हे निश्चितपणे सांगता यावे म्हणून योजलेल्या पद्धतीस रुग्णनोंदींचे प्रमाणीकरण असे म्हणतात. स्वाक्षरी, आद्याक्षरे, नाव व नोंदणी क्रमांकाचा शिक्का, अंगठ्याचा ठसा, संगणकातील सांकेतिक शब्द आणि अंकीय स्वाक्षरी ही प्रमाणीकरणाची प्रमुख साधने होत. प्रमाणीकरणामुळे नोंदीतील मजकूर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. तो मजकूर कोणाचा आहे एवढेच सिद्ध होते. तथापि त्यामुळेच मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी एका विशिष्ट व्यक्तीवर निश्चित करता येते. या दृष्टीने प्रमाणीकरण हे साक्षांकन व पडताळणी यांहून वेगळे आहे. दुसऱ्याने केलेली कृती आपल्या समक्ष झाली असे लिहून देणे म्हणजे साक्षांकन व नोंदीतील माहिती अन्य पुराव्याशी ताडून पाहणे म्हणजे पडताळणी होय.

आवश्यकता : रुग्णालयातील एका रुग्णावर दिवसाच्या चोवीस तासांत अनेक व्यक्ती उपचार करतात. सकाळच्या पाळीतील परिचारिकेने दिलेले इंजेक्शन संध्याकाळच्या पाळीतील परिचारिकेस कागदावरूनच कळते. रात्री बोलावलेल्या निवासी वैद्यास दुपारच्या वैद्याचा विचार नोंदीवरूनच समजतो. औषध दिल्याची नोंद आहे पण वेळ व आद्याक्षरे नाहीत, अशा स्थितीत पुढील व्यक्तीस दोनच मार्ग उरतात : मात्रा दिली गेली असे समजून ती टाळणे किंवा दिली गेली नाही असे समजून ती पुन्हा देणे. इन्शुलीन, हेपारीन, मॉर्फीन यांसारख्या औषधांच्या बाबतीत या दोन्ही चुका प्राणघातक ठरू शकतात. ॲलर्जीची नोंद, रक्तगट, शस्त्रक्रियेची बाजू (उजवी वा डावी) यांबाबतही हेच म्हणता येईल. म्हणजे प्रमाणीकरणाचा पहिला उपयोग न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, तर रुग्णाच्या खाटेशेजारी होतो. याशिवाय विमा, नुकसानभरपाई, अपंगत्वाचा दाखला, मृत्यूच्या कारणाचा दाखला, गुन्ह्याचा तपास आणि साथींचा अभ्यास यांसाठीही नोंद विश्वसनीय असावी लागते.

प्रमाणित नोंदीची अंगे : कोणतीही नोंद प्रमाणित मानली जाण्यासाठी तीत पुढील गोष्टी असाव्या लागतात. (१) रुग्णाची ओळख : पूर्ण नाव, वय, लिंग आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक. हा मजकूर पहिल्या पानावर असून भागत नाही. सुटे झालेले पान दुसऱ्या रुग्णाच्या कागदांत जाऊ शकते, म्हणून तो प्रत्येक पानावर लिहिणे जरूर असते. (२) दिनांक व वेळ : वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिल्यास सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही. (३) नोंदकर्त्याची ओळख : स्वाक्षरीबरोबर सुवाच्य नाव, हुद्दा आणि वैद्याच्या बाबतीत वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ अन्वये होते. (४) स्वतःची नोंद : ज्याने तपासले त्यानेच लिहावे व ज्याने लिहिले त्यानेच सही करावी, हा सर्वसाधारण नियम होय. लेखनिकाने लिहून घेतल्यास तसे नमूद करून तपासणाऱ्याने वाचून सही करावी लागते.

आद्याक्षरांवरून व्यक्ती ओळखण्यासाठी रुग्णालयात नमुना-स्वाक्षऱ्यांची नोंदवही ठेवतात. शिकाऊ व निवासी वैद्य ठराविक मुदतीनंतर संस्था सोडून जातात. काही वर्षांनी न्यायालयात प्रश्न उपस्थित झाल्यास पानावरील वळणदार सही कोणाची, हे सांगणारी व्यक्ती त्या विभागात उरलेली नसते. अशा वेळी ही नोंदवहीच उपयोगी पडते.

दुरुस्ती व उशिरा केलेली नोंद : चूक होणे हा दोष मानला जात नाही, चूक झाकणे हा दोष मानला जातो. चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ अशी ओढावी की खालचे शब्द वाचता येतील. त्याशेजारी योग्य मजकूर, दुरुस्तीचे कारण, दिनांक, वेळ व सही असावी. खोडरबर, पांढरा रंग, गिरवून बदललेले आकडे, फाडून पुन्हा लिहिलेले पान यांमुळे संपूर्ण कागदपत्रांविषयी संशय निर्माण होतो. दोन नोंदींच्या मध्ये कोरी जागा सोडू नये, कारण तीत मागाहून मजकूर घुसडता येतो. तातडीच्या प्रसंगी उपचार आधी व लेखन नंतर होणे स्वाभाविक आहे. अशी नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ या शीर्षकाखाली, प्रत्यक्ष घटनेची वेळ आणि लिहिण्याची वेळ अशा दोन्ही वेळा देऊन करावी. मागील तारीख घालून केलेली नोंद मजकूर खरा असला, तरी खोट्या नोंदीत जमा होते.

तोंडी आदेश व प्रतिस्वाक्षरी : दूरध्वनीवरून दिलेला आदेश घेणारी परिचारिका तो लिहून घेते, मोठ्याने परत वाचून दाखविते व आदेश देणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदविते. नंतर आदेश देणाऱ्या वैद्याने त्यावर ठराविक मुदतीत सही करावी, असा नियम रुग्णालये करतात. रक्त चढविण्यापूर्वी पिशवीवरील व रुग्णाच्या कागदांवरील माहिती दोघांनी स्वतंत्रपणे ताडून दोघांनीही सही करण्याची प्रथा आहे. शिकाऊ वैद्याच्या नोंदीवर वरिष्ठ वैद्य प्रतिस्वाक्षरी करतात. ती मजकूर वाचून व आवश्यक तेथे रुग्णास पुन्हा तपासून केलेली असावी, ही अपेक्षा आहे. ढिगाने समोर आलेल्या कागदांवर न वाचता केलेल्या सह्या, कोऱ्या संमतिपत्रावर आगाऊ घेतलेल्या सह्या आणि इतरांच्या हाती राहणारा सहीचा रबरी शिक्का या तीन वाईट सवयींमुळे प्रमाणीकरण नावापुरते उरते. अमेरिकेत शासकीय आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना प्रत्येक नोंद सुवाच्य, पूर्ण, दिनांक व वेळ असलेली आणि सेवा देणाऱ्या किंवा तिचे मूल्यमापन करणाऱ्या जबाबदार व्यक्तीने प्रमाणित केलेली असावी, असे बंधन नियमांद्वारे घातलेले आहे. भारतातील राष्ट्रीय रुग्णालय अधिस्वीकृती मंडळाच्या मानकांतही नोंदीवर दिनांक व वेळ असावी आणि नोंदकर्ता ओळखता यावा, अशी अट आहे.

भारतातील नियम : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे वैद्यावर बंधनकारक आहे. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा न्यायविषयक अधिकाऱ्यांनी मागणी केल्यास ती मिळाल्याची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे दिली पाहिजेत. वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही ठेवणे, तीत रुग्णाची सही किंवा अंगठ्याचा ठसा व निदान एक ओळखचिन्ह नोंदविणे आणि औषधचिठ्ठीवर व दाखल्यावर स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहिणे यांविषयीही त्यांत तरतुदी आहेत. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला देणाऱ्या वैद्याचे नाव नोंदपटावरून काढले जाऊ शकते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित ठेवण्यात आले. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने त्यापूर्वीच, १९९६ मध्ये एका निर्णयात मान्य केले होते.

काही विशिष्ट नोंदींच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसंबंधीचा ‘एफ’ नमुना भरण्यात उणीव किंवा चूक आढळल्यास ती कायद्याचे उल्लंघन समजली जाते व तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर असते. या तरतुदीस वैद्यक संघटनेने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळले. नमुना हा केवळ कारकुनी कागद आहे, हा युक्तिवाद न्यायालयास मान्य झाला नाही. कारण बंद खोलीत झालेल्या तपासणीचा पुरावा म्हणून हाच कागद मागे उरतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेच्या तपासणीच्या अहवालात तिची संमती घेतल्याचा उल्लेख आणि तपासणी सुरू झाल्याची व संपल्याची नेमकी वेळ असणे कायद्याने आवश्यक केले आहे. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये विहित नमुन्यात दिले जाते.

न्यायालयीन पुरावा : केसपेपर न्यायालयात आपोआप सिद्ध होत नाही. तो लिहिणाऱ्या वैद्याने साक्ष देऊन आपले अक्षर व सही ओळखणे, हा सर्वोत्तम मार्ग होय. तो वैद्य मरण पावला असेल किंवा सापडत नसेल, तर त्याच्या अक्षराशी परिचित असलेली व्यक्ती सही ओळखू शकते; व्यावसायिक कर्तव्य बजावताना नेहमीच्या क्रमात केलेली अशा व्यक्तीची नोंद पुराव्यात घेण्याची सोय १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होती व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे.

जळालेल्या रुग्णाची मृत्युपूर्व जबानी हे प्रमाणीकरणाचे एक महत्त्वाचे उदाहरण आहे. जबानी घेण्यापूर्वी रुग्ण शुद्धीवर असून बोलण्याच्या स्थितीत आहे, असा शेरा वैद्याने वेळ घालून द्यावा, अशी पद्धत आहे. महाराष्ट्रातील लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये असा निर्णय दिला की, जबानी घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याच्या साक्षीवरून रुग्णाची मानसिक स्थिती चांगली होती असे पटत असेल, तर वैद्याचा शेरा नाही एवढ्याच कारणाने जबानी त्याज्य ठरत नाही. वैद्याचा शेरा हा सावधगिरीचा नियम आहे. यावरून प्रमाणीकरणाचे स्थान स्पष्ट होते. प्रमाणीकरण हे सत्य ठरविण्याचे साधन आहे. सत्याची जागा ते घेऊ शकत नाही. याउलट, नोंदीत फेरफार झाल्याचे दिसल्यास किंवा नोंदी मुळातच हजर न केल्यास न्यायालये व ग्राहक आयोग रुग्णालयाविरुद्ध अनुमान काढू शकतात.

गोवंडी परिसरातील उदाहरण : मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडी-देवनार-मानखुर्द हा भाग महानगरपालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागात मोडतो. शिवाजीनगर, बैंगणवाडी यांसारख्या दाट वस्त्यांतील कुटुंबे खाजगी दवाखाने, महापालिकेचे दवाखाने, गोवंडीचे पंडित मदनमोहन मालवीय शताब्दी रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अशा अनेक ठिकाणी उपचार घेतात. एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी नेणारा मुख्य दुवा म्हणजे रुग्णाजवळची प्लॅस्टिकची पिशवी व तीतील केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधचिठ्ठ्या. पावसाळ्यात किंवा भाड्याची खोली बदलताना हे कागद भिजतात वा हरवतात. उरलेल्या कागदावर वैद्याचे नाव, दिनांक व औषधाची मात्रा वाचता येत नसेल, तर पुढच्या वैद्यास निदान पहिल्यापासून सुरू करावे लागते व त्याचा खर्च आणि विलंब रुग्णास सोसावा लागतो.

लसीकरणाच्या कार्डाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो. योगायोगाने, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे संयोजन करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडी स्थानकालगत देवनार येथेच आहे. या पाहणीत बालकाच्या लसींची माहिती प्रथम कार्डावरून व कार्ड नसल्यास आईच्या आठवणीवरून घेतली जाते आणि दोन्हींची नोंद वेगळी ठेवली जाते. २०१९–२१ च्या पाचव्या पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्यांचे देशातील प्रमाण कार्ड किंवा आठवण या आधारे ७६·४ टक्के, तर ज्यांनी कार्ड दाखविले केवळ त्यांच्यात ८३·८ टक्के आढळले. कार्ड नसलेल्या बालकांना लसी खरोखर कमी मिळाल्या, की मिळालेल्या लसी आठवल्या नाहीत, हे या फरकावरून सांगता येत नाही. तारीख घातलेली नोंद हाती नसली म्हणजे ही अनिश्चितता राहतेच. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली व त्यात बालके दगावली. त्या वेळी साथीच्या भागांतील ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना, पूर्वी लस घेतली असो वा नसो, गोवर-रुबेला लसीची जादा मात्रा देण्याचा सल्ला केंद्र शासनाने दिला. साथ वेगाने पसरत असताना घरोघरी जुनी कार्डे तपासत बसण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित होता. मात्र ही जादा मात्राही कार्डावर तारखेसह नोंदविली गेली, तरच ती पुढील वेळी मोजता येते.

क्षयरोगाच्या उपचारात प्रत्येक मात्रेची नोंद हा उपचाराचाच भाग असतो. प्रत्यक्ष देखरेखीखालील उपचारपद्धतीत रुग्णाने गोळी समोर गिळल्यावर देखरेख करणाऱ्याने उपचारपत्रिकेवर त्या दिवसाची खूण करावयाची असते. आठवड्याच्या खुणा एकदम भरल्या, तर पत्रिका पूर्ण दिसते. परंतु चुकलेल्या मात्रा झाकल्या जातात आणि औषधाला दाद न देणारा क्षयरोग निर्माण होण्याचा धोका वैद्याच्या लक्षात येत नाही. औषधाच्या पाकिटात गोळीमागे दडविलेला दूरध्वनी क्रमांक गोळी काढल्यावर दिसतो व त्यावर रुग्णाने निःशुल्क दूरध्वनी केला की मात्रेची नोंद होते, अशी एक पद्धत भारतात वापरण्यात आली. येथे नोंदकर्ता स्वतः रुग्ण असतो. तथापि दूरध्वनी आला यावरून पाकीट उघडले गेले एवढेच कळते. चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रुग्णांच्या मूत्रातील आयसोनायझिडाची चाचणी करून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही नोंद व प्रत्यक्ष औषधसेवन यांचा मेळ समाधानकारक नसल्याचे दिसून आले. काहींनी दूरध्वनी न करता गोळ्या घेतल्या होत्या, तर काहींच्या बाबतीत दूरध्वनीची नोंद असूनही औषधाचा अंश आढळला नाही.

संगणकीय नोंदी : संगणकावरील नोंदीत हस्ताक्षर नसते, म्हणून नोंदकर्त्याची ओळख अन्य मार्गांनी पटवावी लागते. त्याला ठाऊक असलेली गोष्ट (सांकेतिक शब्द), त्याच्याजवळ असलेली वस्तू (कार्ड, भ्रमणध्वनीवर येणारा क्रमांक) आणि त्याचे शारीरिक लक्षण (बोटाचा ठसा) असे या मार्गांचे तीन वर्ग आहेत. यांपैकी दोन एकत्र वापरणे अधिक सुरक्षित मानतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. हिची रचना पुढीलप्रमाणे असते : नोंदीतील मजकुरावर एक गणिती क्रिया करून त्याचा ठराविक लांबीचा सारांशांक काढतात, मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी हा अंक पूर्णपणे बदलतो. नोंदकर्ता केवळ आपल्याजवळ असलेली खाजगी किल्ली वापरून या सारांशांकावरून स्वाक्षरी तयार करतो; तिची तपासणी कोणालाही उपलब्ध असलेल्या सार्वजनिक किल्लीने करता येते. ही सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, असे प्रमाणपत्र परवानाधारक प्रमाणन संस्था देते. त्यामुळे नोंदकर्त्याची ओळख आणि मजकुराची अभंगता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तपासता येतात. कागदावरील सहीने केवळ पहिली साधते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संगणकीय आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २०२१ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात रुग्णास १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक मिळतो व आरोग्य व्यावसायिकांची स्वतंत्र नोंदसूची ठेवली जाते. न्यायालयात संगणकीय नोंदीची प्रत सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जालना येथील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. मूळ संगणक वा उपकरणच न्यायालयात हजर केल्यास मात्र असे प्रमाणपत्र लागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात सारांशांकही नमूद करावा लागतो.

कागदावरील बहुतेक दोष संगणकावर नव्या रूपात आढळतात. एका पाळीतील सर्वांनी एकच सांकेतिक शब्द वापरणे म्हणजे रबरी शिक्का टेबलावर सोडून जाण्यासारखे आहे. कालची नोंद उचलून आज जशीच्या तशी डकविली, तर स्वाक्षरी खरी व वेळ अचूक असूनही तपासणी झालेलीच नसते. म्हणून चांगल्या प्रणालीत मूळ नोंद कधीही पुसली जात नाही. प्रत्येक बदलाची आवृत्ती, बदलणाऱ्याचे नाव व वेळ यांसह राखली जाते आणि नोंद कोणी केवळ वाचली याचाही माग ठेवला जातो. हा माग रुग्णाच्या गोपनीयतेच्या रक्षणासाठीही महत्त्वाचा आहे. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने बाधित व्यक्तीच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन घातले आहे.

रुग्णाचा सहभाग : नोंदींच्या अचूकतेची तपासणी करू शकणारी एक व्यक्ती नेहमी हजर असते, ती म्हणजे स्वतः रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक. संमतिपत्र त्यास कळणाऱ्या भाषेत वाचून दाखविणे, निरक्षर रुग्णाचा अंगठा घेताना रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवणे, डिस्चार्ज कार्डावरील औषधे समजावून देणे आणि मागितल्यावर प्रती विनासायास देणे यांमुळे नोंद दोन्ही बाजूंनी तपासली जाते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णास मिळणारी मोजकी मिनिटे, अपुरे कर्मचारी आणि एकच माहिती अनेक नोंदवह्यांत लिहिण्याचा भार यांमुळे नियम माहीत असूनही नोंदी अपुऱ्या राहतात. अनावश्यक नोंदवह्या कमी केल्यास उरलेल्या नोंदी पूर्ण व प्रमाणित होण्याची शक्यता वाढते.